सर्व्हर रीस्टार्ट केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, आणि लॅपटॉपवर मात्र कधीच नाही: सॉकेट ऑप्शनचा हा घोळ कसा सोडवायचा

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते लगेच कळेल. टीसीपी सर्व्हर (नेटवर्कवरून कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम) बंद करून लगेच चालू केला की बाइंडच्या, म्हणजे सॉकेटला (कनेक्शनच्या टोकाला) पोर्ट नंबर बांधून देणाऱ्या, ओळीवर ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं, तसाच एक मिनिटभर सोडून परत चालू केला की काही न करता चालू होतो, आणि ज्या मॅकवर तुम्ही कोड लिहिला तिथे हे आयुष्यात कधी झालेलं नसतं. असं असेल तर पुढचं सगळं वाचा, कारण नेटवर मिळणारं एका ओळीचं उत्तर, ‘रीयूजॲडर लावा’ (अडलेला पोर्ट परत घेऊ देणारा सॉकेट ऑप्शन), हे बरोबर असूनही अर्धंच आहे आणि त्या अर्ध्यापायी माझे दोन महिने गेलेत.

आमचं काम असं आहे की अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ६४ माग आहेत, प्रत्येक मागावर पिक (विणलेले आडवे धागे) मोजणारा एक छोटा बोर्ड बसवलाय, तो दर १० सेकंदाला ऑफिसमधल्या मिनी पीसीला आकडा पाठवतो. मिनी पीसीवर लिनक्स, त्यावर माझा पायथनमधला सर्व्हर, आणि समोर भिंतीवर एक स्क्रीन, ज्यात चालू माग हिरवा आणि बंद माग लाल. मिनी पीसीला यूपीएस आहे, मागांना नाही. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा कारण सगळ्याची सुरुवात तिथेच आहे.

उन्हाळ्यात सोलापुरात लाईट जाते हे काही नवीन नाही. लाईट गेली की ६४ बोर्ड एका क्षणात मेले, कुणी फिन (कनेक्शन बंद करतोय हा निरोप) पाठवला नाही, कुणी रीसेट (कनेक्शन ताबडतोब तोडणारा निरोप) पाठवला नाही. सर्व्हर मात्र यूपीएसवर जिवंत, त्याच्या दृष्टीने ६४ कनेक्शन अजून ‘एस्टॅब्लिश्ड’. पाच मिनिटांनी लाईट आली, बोर्ड उठले, नवीन कनेक्शन मागायला लागले, आणि माझ्या कोडमध्ये एक चेक होता की एका मागाचं कनेक्शन आधीच असेल तर दुसरं घ्यायचं नाही. झालं. सुपरवायझर अण्णांचा फोन, “ताई, लाईट आली, माग चालू झाले, पन स्क्रीन निम्मे माग लालच दाखवुलालंय बघा.” मग ते डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून सर्व्हर रीस्टार्ट करायचे आणि तेव्हा ती एरर यायची. मी जुळे सोलापुरातून गाव ओलांडून स्कूटीवर तिथे पोचेपर्यंत सगळं आपोआप चालू झालेलं असायचं, त्यामुळे पहिले तीन-चार वेळा मला काही सापडलंच नाही.

आता मुळात एरर का येते. टीसीपीत जो आधी कनेक्शन बंद करतो त्याच्याकडे ते कनेक्शन ‘टाइम-वेट’मध्ये काही वेळ पडून राहतं, म्हणजे जुनी, वाटेत रेंगाळलेली पॅकेट नवीन कनेक्शनमध्ये घुसू नयेत. सर्व्हर रीस्टार्ट केला म्हणजे आधी बंद करणारा सर्व्हर, म्हणून टाइम-वेट सर्व्हरच्या पोर्टवर बसतो, आणि तो असेपर्यंत साधा बाइंड नाकारला जातो. लिनक्समध्ये ही वेळ ६० सेकंद आहे आणि ती कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) कोडमध्येच पक्की बसवलेली आहे. बरेच जण टीसीपी_फिन_टाइमआउट हा सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) कमी करायला सांगतात, त्याने टाइम-वेट कमी होत नाही, तो फिन-वेट-२ साठी आहे (आपला फिन पोचला, समोरच्याचा अजून यायचाय, ती अवस्था), तिथे वेळ घालवू नका. मॅकवर नेट.आयनेट.टीसीपी.एमएसएल (पॅकेट नेटवर्कवर जास्तीत जास्त किती वेळ जगतं तो आकडा) १५,००० मिलिसेकंद असतो, त्याच्या दुप्पट म्हणजे ३० सेकंद, आणि फ्रीबीएसडीवर (बीएसडी घराण्यातली एक ऑपरेटिंग सिस्टीम) ३०,००० म्हणजे परत ६० सेकंद. टीसीपीच्या मूळ १९८१ च्या मानकात, आरएफसी ७९३ मध्ये, एमएसएल २ मिनिटं धरलाय, म्हणजे टाइम-वेट ४ मिनिटं, तेवढं आता कुणी थांबत नाही.

मग माझ्या मॅकवर हे का दिसलं नाही? मी बरेच दिवस समजत होते की मॅक जास्त उदार आहे म्हणून. तसं नव्हतं. माझी टेस्ट स्क्रिप्ट बोर्डाचं सोंग घ्यायची, शंभर आकडे पाठवायची आणि स्वतःच बंद व्हायची. आधी बंद करणारी ती, म्हणून टाइम-वेट तिच्या तात्पुरत्या पोर्टवर, सर्व्हरचा पोर्ट मोकळा. तुमची टेस्टसुद्धा अशीच असेल तर आधी ती बदला, क्लायंट चालू असतानाच सर्व्हर मारून बघा. मॅकवर पण एरर येईल. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि यानेच खरा प्रॉब्लेम घरी बसून दिसायला लागतो.

उपाय म्हणून एसओ_रीयूजॲडर लावायचा हे सगळ्यांना माहिती असतं. गो भाषेत, नोडमध्ये तो आपोआप लागतो, म्हणून त्या लोकांना हा त्रास कमी. पायथनच्या साध्या सॉकेटसर्व्हरमध्ये तो डिफॉल्ट बंद असतो आणि क्लासमध्ये अलाऊ_रीयूज_ॲड्रेस ट्रू करावं लागतं. बाइंडच्या आधी लावायचा, नंतर लावून काही उपयोग नाही. मी लावला, रात्री पेनड्राइव्ह घेऊन गेले, जुना सर्व्हर बंद केला, नवीन चालू केला, आणि समोर तीच एरर. अण्णा शेजारी उभे. मी फ्लॅग (म्हणजे तो ऑप्शन) लागलाय का हे गेटसॉकऑप्टने छापून बघितलं, लागलेला. तेवढ्यात मिनिट झालं आणि चालू झाला, आणि त्यानंतर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी एरर नाही.

हा पहिला खरा फरक. मॅक आणि फ्रीबीएसडीवर टाइम-वेटच्या बाबतीत फक्त नवीन सॉकेटचा फ्लॅग बघितला जातो. लिनक्स दोन्हीकडचा बघतं: नवीन सॉकेटवर पण फ्लॅग पाहिजे आणि जे जुनं सॉकेट पोर्ट अडवून बसलंय त्याच्यावर पण पाहिजे. ॲक्सेप्टमधून आलेली (सर्व्हरने स्वीकारलेली) कनेक्शन लिसन करणाऱ्या (नव्या कनेक्शनची वाट बघणाऱ्या) सॉकेटचा फ्लॅग वारशाने घेतात, आणि टाइम-वेटमध्ये गेल्यावरही तो त्यांच्यासोबत राहतो. माझ्या जुन्या सर्व्हरमध्ये फ्लॅग नव्हता, म्हणून त्याने मागे ठेवलेल्या कनेक्शनवर पण नव्हता, म्हणून नवीन सर्व्हरला फ्लॅग असूनही एकदा अडकावं लागलं. तेव्हा लिनक्सवर हा बदल टाकताना पहिल्या वेळी एरर आली तर घाबरून तो काढून टाकू नका. एक मिनिट थांबा आणि दुसऱ्या रीस्टार्टवर निकाल बघा. मला खात्री आहे की ‘फ्लॅग लावून बघितला, फरक पडत नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण या पहिल्या मिनिटातच फसलेले असतात.

तीन आठवडे शांततेत गेले. मग परत फोन. या वेळी वेगळं होतं, मिनिटभर थांबून पण चालू होईना, दहा मिनिटं झाली तरी तेच. इथे मी एक सवय लावून घेतली जी तुम्हाला पण सांगते: आधी कोड उघडायचा नाही, आधी पोर्टवर कोण बसलंय ते बघायचं. लिनक्सवर ‘एसएस’ कमांड टी-ए-एन-पी फ्लॅग लावून, मॅकवर ‘एलसॉफ’ किंवा ‘नेटस्टॅट’, फ्रीबीएसडीवर ‘सॉकस्टॅट’. रूट म्हणून चालवा नाहीतर प्रोसेसचं नाव दिसत नाही. आणि बघताना फक्त ‘लिसन’च्या ओळी बघू नका, सगळ्या अवस्था बघा, कारण माझ्याकडे लिसनमध्ये तो पोर्ट नव्हताच. माझा पोर्ट होता ४७१००, आणि ओळ दिसत होती ती अशी की स्थानिक पोर्ट ४७१००, पलीकडचा पोर्ट ४४३, अवस्था एस्टॅब्लिश्ड. म्हणजे माझा सर्व्हर बंद असतानाच्या त्या काही सेकंदात त्याच पीसीवरच्या क्लाउड बॅकअपवाल्या प्रोग्रॅमने बाहेर कनेक्शन उघडलं आणि कर्नलने त्याला तात्पुरता पोर्ट म्हणून नेमका माझाच दिला.

लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी डिफॉल्ट ३२७६८ ते ६०९९९ ही रेंज वापरली जाते. माझा ४७१०० बरोबर त्याच्या पोटात. मॅकवर ही रेंज ४९१५२ ते ६५५३५ आहे, म्हणून मॅकवर ४७१०० सुरक्षित होता आणि मी निर्धास्त होते. फ्रीबीएसडीवर तर रेंज १०००० पासूनच सुरू होते, म्हणजे लिनक्सवर चालणारा १५००० तिथे धोक्यात. आणि वरचा नियम आठवा, लिनक्सला दोन्हीकडे फ्लॅग लागतो, बॅकअप प्रोग्रॅमच्या सॉकेटवर तो कशाला असेल, म्हणून माझा रीयूजॲडर तिथे निरुपयोगी. उपाय दोन आहेत, एकतर पोर्ट १०००० च्या खाली घ्या, म्हणजे तिन्ही ठिकाणी सुटलात, नाहीतर लिनक्सवर आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स मध्ये तो नंबर टाका म्हणजे कर्नल तो कुणाला वाटणार नाही. ६४ बोर्डांत पोर्ट आधीच भरलेला होता, म्हणून मी दुसरा उपाय केला. नवीन साइटला मात्र आता ९००० च्या घरातलाच पोर्ट देते.

याच एररचं तिसरं कारण पण सांगून टाकते, माझ्याकडे झालं नाही पण एका मित्राकडे झालं होतं. एसएसमध्ये पोर्ट ‘लिसन’मध्ये दिसतो पण प्रोसेस तुमचा सर्व्हर नाही, भलताच काहीतरी आहे, त्याच्याकडे लेबल छापणारी स्क्रिप्ट होती. सर्व्हरने ती स्क्रिप्ट चालू केली तेव्हा लिसन करणारं सॉकेट तिला वारशात गेलं, सर्व्हर मेला तरी स्क्रिप्ट जिवंत, म्हणून पोर्ट पण अडकलेला. सी मध्ये सॉकेट उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेक (दुसरा प्रोग्रॅम चालू करताना सॉकेट त्याला न देणारा फ्लॅग) लावा. पायथन ३.४ पासून हे आपोआप होतं.

आता रीयूजपोर्ट. यावर जरा थांबणार आहे कारण इथे लोक एकमेकांना मनापासून पण चुकीचा सल्ला देतात. मला पण एकाने सांगितलं, रीयूजॲडरने भागत नाही ना, मग रीयूजपोर्ट लाव, एरर जाईल. एरर गेली. आणि दोन दिवसांनी अण्णा म्हणाले, “ताई, आज एरर नाही ओ, पन माग कमी दाखवतंय.” गेले. बघते तर सर्व्हरच्या दोन कॉपी चालू. स्क्रीन उघडायला वेळ लागला म्हणून कुणीतरी आयकॉनवर दोनदा क्लिक केलेलं, आणि रीयूजपोर्टमुळे दुसरी कॉपी न भांडता त्याच पोर्टवर बसली. लिनक्सवर रीयूजपोर्ट म्हणजे वाटणी: ३.९ कर्नलपासून, म्हणजे २०१३ पासून, येणारं प्रत्येक कनेक्शन दोन्ही बाजूंचे ॲड्रेस आणि पोर्ट यांच्या हॅशवरून कुठल्या तरी एका लिसनरकडे जातं. माझे काही माग पहिल्या कॉपीकडे आणि बाकीचे दुसरीकडे, आणि स्क्रीन फक्त एकीची. त्या शिफ्टचा रिपोर्ट चुकीचा निघाला, आणि पिकांवर कामगारांचा पगार निघतो. एरर आली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आणि अजून तसंच वाटतं. तो आकडा मी दोन्ही लॉग एकत्र करून हाताने जुळवला, रात्री अकरा वाजले.

हेच मॅकवर केलं असतं तर काय झालं असतं? दोन्ही कॉपी चालू झाल्या असत्या, पण वाटणी नाही, सगळी कनेक्शन एकाच कॉपीकडे. ४.४ बीएसडीमध्ये रीयूजपोर्ट आला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की सगळ्यांनी फ्लॅग लावला असेल तर हुबेहूब तोच ॲड्रेस आणि पोर्ट अनेकांनी घ्यायला परवानगी. टीसीपीत काम वाटून घेणं हा अर्थ लिनक्सने दिला. फ्रीबीएसडीने जुना अर्थ मोडला नाही, तिथे वाटणीसाठी वेगळा एसओ_रीयूजपोर्ट_एलबी आला, फ्रीबीएसडी १२ मध्ये, २०१८ ला. लिनक्समध्ये आणखी एक अट आहे, ज्यांना पोर्ट वाटून घ्यायचाय त्या सगळ्यांचा युजर आयडी एकच पाहिजे, म्हणजे दुसरा युजर येऊन तुमचा पोर्ट पळवू शकत नाही. आणि वाटणीत एक लिसनर मेला तर त्याच्या रांगेत उभी असलेली, अजून ॲक्सेप्ट न झालेली कनेक्शन तुटतात. ५.१४ कर्नलपासून टीसीपी_मायग्रेट_रेक नावाचा सिसकंट्रोल चालू केला तर ती दुसऱ्याकडे जाऊ शकतात, पण डिफॉल्ट बंद असतो. माझं मत स्पष्ट आहे, तुम्हाला मुद्दाम चार प्रोसेसमध्ये काम वाटायचं असेल तरच रीयूजपोर्ट, रीस्टार्टची एरर घालवायला तो लावू नका.

आता ‘मॅकवर चालतं, लिनक्सवर नाही’ याचं सगळ्यात जास्त वेळा दिसणारं उदाहरण. मला सर्व्हर ०.०.०.० वर (पीसीच्या सगळ्या ॲड्रेसवर) हवा होता आणि त्याच पोर्टवर फक्त १२७.०.०.१ (पीसीचा स्वतःपुरता ॲड्रेस) साठी एक छोटा तपासणी प्रोग्रॅम. मॅकवर रीयूजॲडर लावून दोन्ही बसले, बाहेरून आलेलं सर्व्हरकडे, लोकल आलेलं तपासणीकडे, कारण बीएसडी घराण्यात सगळे ॲड्रेस आणि एक ठराविक ॲड्रेस हे दोन वेगळे धरले जातात फ्लॅग असेल तर, आणि जास्त नेमक्या ॲड्रेसवाल्याला कनेक्शन मिळतं. लिनक्सवर ते चालत नाही. एक सॉकेट ०.०.०.० वर लिसन करत असेल तर त्याच पोर्टवर कुठलाही दुसरा ॲड्रेस मिळणार नाही, रीयूजॲडर असू दे नाहीतर नसू दे. सोलॅरिस या युनिक्सचं वागणं बीएसडीसारखं, पण तिथे उलट्या कामासाठी एसओ_एक्सक्लबाइंड पण आहे, की इथे दुसरं कुणी येऊच नये.

यात लिनक्सची एक गंमतशीर बारीक गोष्ट आहे जी डिबग करताना कामाला येते. दोन्ही सॉकेटवर रीयूजॲडर असेल आणि दोघांपैकी कुणीच अजून लिसन करत नसेल तर लिनक्स दोघांनाही एकच पोर्ट बाइंड करू देतं. मग पहिल्याने लिसन केलं, आणि दुसऱ्याचं लिसन ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ देऊन पडतं. म्हणजे एरर बाइंडमधून न येता लिसनमधून येते. लॉगमध्ये फक्त ‘सर्व्हर चालू होत नाही’ असं छापू नका, कुठला कॉल पडला ते नाव छापा, लिसन पडलं असेल तर टाइम-वेटचा विचार सोडून द्या, तुमच्यासोबत दुसरा जिवंत प्रोग्रॅम शर्यतीत आहे.

यूडीपीचं (कनेक्शन न जोडता पॅकेट पाठवणारा प्रोटोकॉल) थोडक्यात: लिनक्सवर रीयूजॲडर लावलेली दोन यूडीपी सॉकेट एकच पोर्ट घेऊ शकतात आणि कुणी तक्रार करत नाही, बीएसडीवर त्यासाठी रीयूजपोर्ट लागतो, मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवायचे) ॲड्रेस सोडून, कारण तिथे रीयूजॲडर आणि रीयूजपोर्ट एकाच अर्थाने घेतले जातात. आपले पॅकेट कुठेतरी गायब होतात असं वाटलं तर ही शक्यता आधी तपासा.

पण हे सगळं रीस्टार्टचं झालं, आणि रीस्टार्टची गरजच का पडत होती? मेलेली कनेक्शन सर्व्हरला जिवंत वाटत होती म्हणून. हे मूळ सोडून मी दोन महिने फांद्या छाटत होते. एसओ_कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनला ‘जिवंत आहेस का’ विचारणारा ऑप्शन) लावला की काम होईल असं वाटतं, पण लिनक्सचे डिफॉल्ट आकडे बघा: ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा, म्हणजे मेलेलं कनेक्शन कळायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. तोपर्यंत शिफ्टचे दोन तास वाया जातात. हे आकडे दर सॉकेटला बदलता येतात, आणि इथे परत नावांचा घोळ. लिनक्सवर टीसीपी_कीपआयडल, सेकंदात. मॅकवर त्याच कामाला टीसीपी_कीपअलाइव्ह म्हणतात, तो पण सेकंदातच. माझ्या मॅकवर पायथनने कीपआयडल नावाचं काही नाहीच म्हणून प्रोग्रॅम पाडला, म्हणून आता जे नाव सापडेल ते वापर असा चेक टाकलाय. फ्रीबीएसडीवर ऑप्शनचं नाव लिनक्सचंच आणि सेकंदातच, पण सिसकंट्रोलमधला आकडा मिलिसेकंदात, ७२०००००, तिथे ३० टाकून बसू नका. शिवाय फ्रीबीएसडीवर ऑलवेज_कीपअलाइव्ह डिफॉल्ट १ असतो, तुम्ही न सांगताच सगळ्या कनेक्शनवर कीपअलाइव्ह चालू, लिनक्सवर मागितल्याशिवाय नाही.

मी ३० सेकंद शांतता, १० सेकंद अंतर आणि ३ विचारणा असे आकडे ठेवले, म्हणजे मिनिटाभरात निकाल. तरी एक भोक राहिलं. शिफ्ट बदलली की सर्व्हर प्रत्येक बोर्डाला काउंटर शून्य करायचा आदेश पाठवतो, आणि नेमका त्याच वेळी बोर्ड मेलेला असेल तर पाठवलेला डेटा पोच न मिळता पडून राहतो, अशा वेळी कीपअलाइव्ह कामच करत नाही, कर्नल डेटा परत परत पाठवण्यात गुंतलेला असतो. लिनक्सच्या डिफॉल्ट टीसीपी_रीट्राइज२ म्हणजे १५ वर हे साधारण ९२४ सेकंद, पंधरा मिनिटं चालतं. त्यासाठी लिनक्सवर टीसीपी_यूजर_टाइमआउट आहे, हा मिलिसेकंदात, मॅकवर टीसीपी_आरएक्सटी_कॉनड्रॉपटाइम, तो सेकंदात. एकाच फाइलमध्ये एक सेकंदात एक मिलिसेकंदात, तेव्हा शेजारी कमेंट लिहून ठेवा.

आणि या सगळ्यावर माझा भरवसा आता दुय्यम आहे. बोर्ड दर १० सेकंदाला बोलतो हे मला माहिती आहे, मग ४५ सेकंद बोलला नाही तर सर्व्हरनेच कनेक्शन बंद करावं, आणि त्याच मागाचं नवीन कनेक्शन आलं तर जुनं सोडून नवीन धरावं. एवढ्या दहा ओळींनी अण्णांचे फोन बंद झाले. यात कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टीमचा अर्थ मध्ये येत नाही. ऑप्शन ठेवलेत, पण पाठीशी म्हणून.

हाच सर्व्हर चिंचोळी एमआयडीसीत दुसऱ्या कारखान्यात लावला तेव्हा तिथे फ्रीबीएसडीचा फायरवॉल आधीच होता आणि मालक म्हणाले वेगळा पीसी कशाला, यातच टाका. टाकला, चालू झाला, एरर नाही, आणि एकही बोर्ड जोडला जाईना. मी सर्व्हर आयपीव्ही६ च्या सगळ्या ॲड्रेसवर उघडत होते, लिनक्स आणि मॅकवर त्यातच आयपीव्ही४ पण येतं कारण आयपीव्ही६_व्ही६ओन्ली (‘फक्त आयपीव्ही६ घे’ हा ऑप्शन) डिफॉल्ट शून्य असतो. फ्रीबीएसडीवर तो डिफॉल्ट एक. बोर्ड सगळे आयपीव्ही४ वाले, म्हणून त्यांना दार बंद. ऑप्शन स्वतः शून्य केला की उघडलं. ओपनबीएसडीवर हे पण जमत नाही, तिथे तो कायम १ वरच राहतो, दोन वेगळी सॉकेट उघडावी लागतात. मी आता सगळीकडे दोन सॉकेटच उघडते आणि व्ही६ओन्ली मुद्दाम एक करते, त्यामुळे चारही ठिकाणी एकच वागणं मिळतं, आणि लिनक्सवर तसं न करता दोन उघडायला गेलात तर दुसऱ्याला परत तीच ‘इन यूज’ची एरर मिळते.

त्याच साइटवर रिसीव्ह बफर (आलेला डेटा वाचेपर्यंत ठेवायची जागा) पण नडला. लिनक्सवर एसओ_आरसीव्हीबफ कितीही मोठा मागा, तो गुपचूप आरमेम_मॅक्स या मर्यादेपर्यंत कापतो, मग दुप्पट करतो आणि विचारलं की दुप्पट आकडाच सांगतो. फ्रीबीएसडी कापत नाही, मर्यादेबाहेर मागितलं तर ‘नो बफर स्पेस’ म्हणून सरळ नाकारतो. मी तो ऑप्शनच काढून टाकला, १० सेकंदाला एक आकडा येतो त्याला बफर काय करायचाय, आणि लिनक्सवर हाताने लावला की कर्नलचं स्वतःचं बफर ॲडजस्ट करणं पण बंद पडतं.

सी वाल्यांसाठी दोन गोष्टी पटकन. ॲक्सेप्टने मिळालेलं सॉकेट बीएसडी आणि मॅकवर लिसनरचा नॉनब्लॉकिंग (वाट बघत न अडकण्याचा) गुण घेऊन येतं, लिनक्सवर घेत नाही, म्हणून ॲक्सेप्टनंतर जे पाहिजे ते स्वतः लावा, किंवा ॲक्सेप्ट४ वापरा, पण ते मॅकवर नाही. तुटलेल्या कनेक्शनवर लिहिलं की सिगपाइप हा सिग्नल येऊन प्रोग्रॅम मरतो, त्यासाठी लिनक्सवर सेंडमध्ये एमएसजी_नोसिग्नल, मॅकवर सॉकेटवर एसओ_नोसिगपाइप, किंवा सरळ सगळीकडे सिगपाइप दुर्लक्षित करा. आणि कुणी टाइम-वेट टाळायला लिंगर (बंद करताना किती वेळ थांबायचं तो ऑप्शन) शून्य सेकंद लावा म्हणालं तर ऐकू नका, त्याने फिनऐवजी रीसेट जातो आणि न पोचलेला डेटा फेकला जातो. तसंही मॅकवर साध्या एसओ_लिंगरचा आकडा सेकंदात नसून टिकमध्ये (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत) असतो, सेकंदासाठी एसओ_लिंगर_सेक वेगळा आहे.

शेवटी अक्कलकोट रोडच्या पीसीवर मी बाइंड करायचं कामच माझ्या प्रोग्रॅमकडून काढून घेतलं. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सॉकेट युनिटने पोर्ट उघडून धरायचा आणि माझ्या सर्व्हरला तयार सॉकेट द्यायचं. सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी पोर्ट सिस्टिमडीच्या हातात राहतो, त्या दोन-तीन सेकंदात आलेले बोर्ड नाकारले न जाता रांगेत थांबतात, बॅकअपवाला पोर्ट पळवू शकत नाही, आणि आयकॉन आता फक्त सर्व्हिस रीस्टार्ट करतो म्हणून दोनदा क्लिक केलं तरी दोन कॉपी होत नाहीत. मॅकवर लाँचडी हेच करू शकतो. एक मात्र सांभाळा, सॉकेट तुमचं राहिलं नाही म्हणजे बाइंडच्या आधी लावायचे ऑप्शन तुमच्या कोडमधून लागणार नाहीत, व्ही६ओन्ली, रीयूजपोर्ट हे युनिट फाइलमध्ये लिहावं लागतं, आणि माझ्यासारखं सॉकेट बनवतानाच लावत असाल तर कीपअलाइव्हचे आकडे पण. मी कीपअलाइव्हचे तीन आकडे तिथे लिहायला विसरले होते, ते परवा लाईट गेल्यावर एसएसमध्ये टायमरचा कॉलम बघताना लक्षात आलं, ४५ सेकंदांच्या चेकमुळे स्क्रीनवर मात्र काही फरक दिसला नव्हता.